कॅल्शियमची गोळी आणि पाच किलोची पिशवी

आई खुर्चीवरून उठताना आधी दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवायची, पुढे झुकायची, "आई गं" म्हणायची आणि हातांनी रेटा देऊन उभी राहायची. वय ७१. तिचं हे उठणं मी दोन-तीन वर्षं रोज पाहत होते आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. वय झालं की असंच उठायचं, एवढंच डोक्यात. मागच्या पावसाळ्यात ती मोरीच्या उंबऱ्याला ठेचकाळली, पडताना हात टेकवला आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर झालं, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली, "हाडं ठिसूळ झालीत" हे ऐकून झालं. घरी येताना औषधांच्या पिशवीत कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. त्या घरात आधीपासूनच होत्या. आई सहा वर्षं रोज कॅल्शियम घेत होती.

मग हाड मोडलं कसं? या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नाही. शोधत गेले, वाचत गेले, फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारत गेले, तसं एक लक्षात आलं. मोरीच्या उंबऱ्यावर त्या एका क्षणात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या. आई पडली, ही एक. आणि पडल्यावर हाडाने तग धरला नाही, ही दुसरी. पडणं हा मुख्यतः स्नायूंचा प्रश्न आहे, मोडणं हा हाडांचा. कॅल्शियमची गोळी पहिल्या प्रश्नाला हातच लावत नाही आणि दुसऱ्याचा फक्त एक भाग सोडवते. उरलेलं बरंचसं काम वजनाच्या व्यायामाचं आहे, आणि नेमकं तेच आपल्याकडे साठीच्या पुढच्या बाईला कुणी सांगत नाही.

हाडापासून सुरुवात करू. हाड बाहेरून दगडासारखं वाटतं, पण जुन्या वाड्याची डागडुजी चालू असावी तसं आत कायम काम चालू असतं. पेशींची एक टोळी जुना, खिळखिळा झालेला भाग पोखरून काढते, दुसरी टोळी मागून येऊन नवं भरते. पोखरणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, भरणाऱ्या म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. एका जागची अशी डागडुजी पुरी व्हायला काही महिने जातात. साधारण तिशीपर्यंत भरणं पुढे असतं. त्यानंतर पोखरणं हळूहळू वरचढ होतं. बाईच्या बाबतीत यात आणखी एक वळण येतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोखरणाऱ्या टोळीला आवर घालत असतं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि तो आवर सुटतो. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. युरोप-अमेरिकेत पाळी थांबण्याचं सरासरी वय ५१च्या आसपास आहे, आपल्याकडे ४६-४७. म्हणजे आपल्या बायकांची ही उतरण चार-पाच वर्षं आधीच लागते.

आता कळीचा मुद्दा. भरणाऱ्या टोळीला कुठे भरायचं, किती भरायचं, हे सांगतं कोण? हाडाच्या आत, अगदी कठीण भागात, ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी अडकून बसलेल्या असतात आणि बारीक नळ्यांच्या जाळ्याने एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाडावर भार आला की ते डोळ्यांना दिसणार नाही इतकं वाकतं. त्या वाकण्याने नळ्यांमधला द्रव हलतो, या पेशींना तो कळतो आणि त्या निरोप धाडतात: इथे ताण येतोय, इथे मजबुती करा. भार आलाच नाही तर उलट निरोप जातो: ही भिंत कुणाला लागत नाही, काढली तरी चालेल. भाराप्रमाणे हाड आपली घडण बदलतं, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं होतं.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा अंतराळात मिळतो. अंतराळ स्थानकावर शरीराचं वजन जाणवतच नाही. तिथे खाण्यापिण्याचं सगळं मोजून-मापून होतं, तरी खुब्यासारख्या भार पेलणाऱ्या हाडांमधून महिन्याला एक ते दीड टक्का हाड जाऊ शकतं. म्हणून तिथे ताण देऊन बैठका आणि उचल करता येईल असं खास यंत्र बसवलेलं आहे आणि अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायामाला देतात. सुनीता विल्यम्स २०२५च्या मार्चमध्ये २८६ दिवसांनी पृथ्वीवर परतल्या तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. पाळी थांबण्याचं वय उलटलेली बाई नऊ महिने वजनाशिवाय राहते, तेव्हा तिची हाडं राखायला नुसत्या गोळ्यांवर कुणी विसंबत नाही.

कॅल्शियम म्हणजे विटा. अंगणात विटांचा ढीग असला म्हणून भिंत उभी राहत नाही, गवंड्याला काम सांगावं लागतं. विटाच नसतील तर गवंडी तरी काय करणार, हेही तितकंच खरं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण विटांच्या बाबतीतही आपण बऱ्याच चुका करतो.

आता स्नायू. वयाबरोबर स्नायू झिजण्याला सार्कोपेनिया म्हणतात. हा शब्द १९८९ मध्ये अमेरिकी डॉक्टर आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवला, कारण या झिजेला वैद्यकात धड नावच नव्हतं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पण किती कमी होतात याच्याइतकंच कुठले कमी होतात हे महत्त्वाचं आहे. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. काही सावकाश चालणारे, न थकणारे. चालताना, उभं राहताना, पोळ्या लाटताना तेच राबतात. दुसरे झटकन ताकद लावणारे, पण लवकर दमणारे. ठेच लागल्यावर अर्ध्या क्षणात दुसरा पाय पुढे टाकून अंग सावरायचं काम या दुसऱ्यांचं. म्हातारपणात आधी आणि जास्त झिजतात ते हेच.

शरीर हे झटक्याचे तंतू उगाच कामाला लावत नाही. हलकं काम आलं की सावकाश तंतूंवर भागवतं, आणि भार जड झाला किंवा जोर पटकन लावावा लागला तरच दुसऱ्यांना हाक मारतं. म्हणून रोज सकाळी बागेत तासभर चालणाऱ्या बाईचे हे तंतू वर्षानुवर्षं हाकेची वाट पाहत पडून राहतात. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं आहे, ते कुणी सोडू नये. पण "मी रोज चालते, मला अजून कशाची गरज?" याचं उत्तर, गरज आहे, हेच आहे.

तरी माझ्या मनात शंका होती. सत्तरीत वजनं उचलून खरंच काही होतं का, की उरलेलं सांभाळणं एवढंच हातात असतं? या शंकेचं उत्तर बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात ३०-३५ वर्षांपूर्वीच देऊन झालं आहे. डॉ. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड वजनाचा व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मग १९९४ मध्ये त्यांनी तिथेच शंभर जणांवर मोठा प्रयोग केला. सरासरी वय ८७, निम्म्याहून जास्त बायका, अनेकजण काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे. त्यांचे चार गट केले: नुसता व्यायाम, नुसतं पूरक पेय, दोन्ही, आणि दोन्ही नाही. पेयात उष्मांक आणि प्रथिनं होतीच, शिवाय दिवसाच्या गरजेच्या एक तृतीयांश जीवनसत्त्वं आणि खनिजंही होती. दहा आठवड्यांनी व्यायाम केलेल्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढलेली होती, चालण्याचा वेग वाढला होता, जिना चढायची शक्ती वाढली होती. नुसतं पेय घेणाऱ्यांत काहीही फरक पडला नव्हता. व्यायाम न करणाऱ्यांनी पेय घेतलं आणि तेवढं जेवण कमी केलं. व्यायाम करणाऱ्यांनी मात्र पेय घेऊन जेवणही पूर्ण केलं. शरीराने मागणी केली तरच पुरवठा अंगी लागतो, हे मला तरी इतकं लख्ख दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नाही.

त्याच प्रयोगातला आणखी एक आकडा: ताकद ११३ टक्के वाढली, पण मांडीच्या स्नायूचा आकार तीन टक्केही वाढला नाही. म्हणजे वाढलेली ताकद आली कुठून? नसांकडून. मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम पुसट झालेला असतो. सराव झाला की तो स्पष्ट पोचायला लागतो आणि पडून राहिलेले तंतू कामाला लागतात. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांत आरशात काही दिसत नाही, पण उठणं-बसणं सोपं होतं. स्नायू त्यानंतर भरतो. हाड सगळ्यात शेवटी, कित्येक महिन्यांनी.

हाडांचं काय होतं, याचा चांगला प्रयोग ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात झाला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. अर्ध्याजणींना घरी करायचा हलका व्यायाम दिला. बाकीच्यांकडून आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलून घेतली. पहिला महिना फक्त पद्धत शिकण्यात गेला. त्यानंतर एका वेळी जेमतेम एकदा पेलवेल अशा वजनाच्या ८० ते ८५ टक्के वजनाने पाच-पाच वेळा बैठका, जमिनीवरून उचल आणि वजन डोक्याच्या वर ढकलणं, शिवाय थोड्या उड्या. आठ महिन्यांनी जड वजनवाल्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. इजा म्हणाल तर एकीची कंबर थोडी धरली, एवढीच. हे वाचून कुणी उद्या जिममध्ये जाऊन चाळीस किलो उचलू नये, त्या बायकांच्या शेजारी शिकलेला माणूस उभा होता. पण "ठिसूळ हाडं म्हणजे जड काही उचलायचंच नाही" हा सल्ला जसाच्या तसा प्रत्येकीला देणं चूक आहे, हे या प्रयोगाने दाखवलं.

आईने हे ऐकून लगेच विचारलं, "आयुष्यभर राबलेच की मी. घरकाम म्हणजे व्यायाम नाही का?" प्रश्न रास्त आहे आणि घराघरात विचारला जातो. घरकामात कष्ट आहेत, दमणूक आहे, त्याला कमी लेखायची माझी हिंमत नाही. पण घरकामाचा भार वाढत जात नाही. कणकेचा गोळा वीस वर्षांपूर्वी होता तेवढाच आज आहे. शरीराला एखादा भार सवयीचा झाला की त्यासाठी ते काही नवं बांधत नाही. तालमीतल्या वस्तादाला हे पक्कं ठाऊक असतं. नव्या पोराला तो पहिल्याच दिवशी जड मुद्गल देत नाही, आणि पोरगं हलक्या मुद्गलावर रमलं तर त्याला तिथे राहूही देत नाही. शिवाय घरकामात पाठ वाकवून केलेलं काम फार आणि मांड्यांनी पेललेलं काम कमी.

तालमीचं नाव निघालंच आहे तर सांगते, आमच्या घरच्या व्यायामाला आम्ही जोर-बैठकाच म्हणतो. प्लॅस्टर निघेपर्यंत फक्त पायांचे प्रकार केले, मग डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारून बाकीचे. सोमवार आणि गुरुवार, सकाळचा चहा झाल्यावर.

पहिल्या दिवशी जे झालं ते मी विसरणार नाही. ताईंनी हात छातीशी दुमडून खुर्चीवरून उठायला सांगितलं. आईने तीनदा जोर लावला आणि तिन्ही वेळा ती परत बसली. हाताच्या रेट्याशिवाय तिला एकदाही उठता आलं नाही. सहा वर्षांच्या गोळ्यांचा हिशेब मला त्या खुर्चीपाशी कळला. ताईंनी खुर्चीवर दोन घट्ट उशा ठेवल्या, बैठक उंच झाली, आणि ती उठली. तीन वेळा. आठवड्याभराने आठ वेळा. मग एक उशी काढली. महिन्याने दुसरी. खुर्ची कायम भिंतीला टेकवलेली, पुढे ओट्याचा आधार हाताशी. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, उठताना श्वास सोडायचा, बसताना धपकन न बसता सावकाश, मनात तीन आकडे मोजत. बसण्याचा हा सावकाश भाग जास्त काम करतो, आणि तोच सगळ्याजणी चुकवतात.

बाकीचे प्रकार साधे आहेत. ओट्याला धरून टाचा उचलणं. भिंतीला हात टेकून जोर. खिडकीच्या गजाला रबरी बँड बांधून दोन्ही कोपर मागे ओढणं, याने वाकलेली पाठ सरळ राहते. आणि शेवटी पिशवी: कापडी पिशवीत तांदूळ भरून ती आधी स्टुलावर ठेवायची, कंबरेतून नाही तर खुब्यातून आणि गुडघ्यांतून वाकायचं, पाठ सपाट ठेवून पिशवी उचलायची, ठेवायची. घरात मोजमापाला काही नसेल तर एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलो.

किती करायचं, याचा नियम एकच ध्यानात ठेवावा. आठ ते बारा वेळा, आणि शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. बारा झाल्यावर आणखी दहा सहज झाले असते असं वाटत असेल तर तो भार हलका आहे. सलग दोन खेपांना बारा सहज झाले की भार थोडा वाढवायचा. असे दोन फेरे, मधे दोन मिनिटं बसायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर घाबरू नका, दोन दिवसांत उतरतं. सांधा सुजला, कळ आली, छातीत दाटलं किंवा चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांतही ६५च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत. तोलासाठी आई दात घासताना भिंतीजवळ एका पायावर उभी राहते. एक हात बेसिनवर, हळूहळू दोन बोटं, मग एकच.

गुडघे दुखतात म्हणून हे टाळू नका. मांडीचा स्नायू बळकट झाला की दुखऱ्या गुडघ्यालाही आराम पडतो. बैठक उंच ठेवून, दुखणार नाही तेवढ्याच कोनात सुरुवात करावी.

काही गोष्टी मात्र खरंच जपायच्या. हाडं ठिसूळ असताना कंबरेतून पुढे वाकण्याचे व्यायाम, म्हणजे पाय पसरून अंगठे धरणं, उठून बसण्याचे पोटाचे व्यायाम, हे मणक्यांना धोक्याचे आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ५९ बायकांचा पाठपुरावा केला होता. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे मणके नव्याने चेपले, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, पण फरक एवढा मोठा आहे की मी आईचं पादहस्तासन आणि पश्चिमोत्तानासन बंद केलं. सूर्यनमस्कार घालणाऱ्या सत्तरीच्या बायकांनी यावर आपल्या योगशिक्षकांशी जरूर बोलावं. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, रक्तदाब एकदम चढतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस वजन नाही.

आणि एक गोष्ट बायका लाजेने बोलत नाहीत: अंग बाहेर येण्याचा त्रास. बाळंतपणं जास्त झालेल्या, लगेच कामाला लागलेल्या कितीतरी जणींना तो असतो, आणि त्या भीतीने वजन उचलायलाच नाही म्हणतात. त्यांनी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे वेगळे व्यायाम असतात, ते शिकून घ्यावेत आणि मग बाकीचं ठरवावं.

आता विटांकडे येते. कॅल्शियमच्या गोळ्यांचं पाकीट उलटून बघा. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ, त्यातून मिळणारं कॅल्शियम ५०० मिग्रॅ. आपल्या हिशेबात धरायचा तो दुसरा आकडा. कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के असतं, सायट्रेटमध्ये २१ टक्के. कार्बोनेट पचायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घ्यायचं. आई ते सहा वर्षं सकाळी उठल्या उठल्या, थायरॉइडच्या गोळीसोबत घेत होती! रिकाम्या पोटी कॅल्शियम नीट शोषलं जात नव्हतं, आणि वर ते थायरॉइडच्या गोळीलाही अडवत होतं. या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर लागतं. लोहाची गोळीसुद्धा कॅल्शियमसोबत घेऊ नये. ज्या रोज अॅसिडिटीची गोळी घेतात त्यांनी सायट्रेट चालेल का हे डॉक्टरांना विचारावं, कारण त्याला आम्ल लागत नाही. एका वेळी ५०० मिग्रॅपेक्षा जास्त घेतलं तर वरचं फारसं शोषलं जात नाही.

पण मुळात गोळी हवी का? इथे दोन मोठे अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या, सरासरी ८४ वर्षांच्या ३,२७० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्याजणींना रोज १,२०० मिग्रॅ कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं. दीड वर्षात त्यांच्यात खुबा मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी भरलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ३६,२८२ बायकांचा निकाल आला. रोज १,००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ४०० युनिट ड, सरासरी सात वर्षं. हाडांची घनता किंचित सुधारली, खुबा मोडण्यात खात्रीने सांगण्याजोगी घट नाही, उलट मूतखडे १७ टक्क्यांनी जास्त. एकच गोळी, दोन निकाल? फ्रान्समधल्या आज्यांच्या जेवणात जेमतेम ५०० मिग्रॅ कॅल्शियम होतं. अमेरिकेतल्या बायकांना आधीच ११५० च्या आसपास मिळत होतं. रिकाम्या पिंपात पाणी ओतलं तर उपयोग होतो, भरलेल्यात ओतलं तर सांडतं.

म्हणून आधी आपलं पिंप किती भरलंय ते बघावं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये पाळी थांबलेल्या बाईसाठी दिवसाला १,२०० मिग्रॅ कॅल्शियम धरलं आहे. आईचा हिशेब आम्ही वहीत मांडला. दिवसात दूध-दही मिळून ४०० मिली, म्हणजे साधारण ४८० मिग्रॅ. नाचणीच्या ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी, सुमारे १७५. जेवणात दोन चमचे तिळाची चटणी, सव्वाशेच्या आसपास. डाळ, भाजी, पालेभाजी मिळून दीडशे धरले. बेरीज नऊशेच्या वर जाते. म्हणजे दोन गोळ्यांची गरजच नव्हती, एक पुरे होती, आणि डॉक्टरांनीही वही पाहून तेच सांगितलं. हाच हिशेब चहापुरतं दूध घेणाऱ्या आणि पोळी-भाजीवर भागवणाऱ्या बाईचा मांडला तर तो चारशेच्याही खाली येऊ शकतो. तिला गोळी लागेल. कोकण-गोव्यात हाडांसकट खाल्ली जाणारी छोटी सुकी मासळी हा कॅल्शियमचा उत्तम साठा आहे, फक्त त्यातल्या मिठाकडे लक्ष ठेवावं.

मॅग्नेशियमची हल्ली फार जाहिरात दिसते. इटलीत पादोवा इथे २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हलका व्यायाम करणाऱ्या, सरासरी ७१ वर्षांच्या १३९ बायकांपैकी काहीजणींना १२ आठवडे रोज ३०० मिग्रॅ मॅग्नेशियम दिलं. त्यांचा चालण्याचा वेग आणि खुर्चीवरून उठण्याची चपळाई थोडी सुधारली. ज्यांच्या जेवणात मॅग्नेशियम कमी होतं त्यांच्यात जास्त. मात्र तुलनेच्या गटाला खोटी गोळी दिलेली नव्हती, त्यामुळे गोळीवरच्या विश्वासाचाही त्यात वाटा असू शकतो. ज्वारी, बाजरी, डाळी, तीळ, शेंगदाणे, हिरव्या पालेभाज्या खाणाऱ्या घरात मॅग्नेशियम ताटातच असतं. गोळी जास्त झाली तर जुलाब होतात, आणि मूत्रपिंड कमकुवत असेल तर ते रक्तात साचून धोका होतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कुठलंच खनिज स्वतःच्या मनाने घेऊ नये. जस्त आणि सेलेनियमबद्दल एवढंच म्हणेन की कमतरता दिसल्याशिवाय त्यामागे लागू नका. लोह मात्र वेगळं आहे: पाळी थांबल्यावर हिमोग्लोबिन कमी आलं तर नुसत्या गोळ्या सुरू न करता रक्त कुठे जातंय हे शोधायला हवं.

ड जीवनसत्त्व खनिज नाही, पण त्याच्याशिवाय कॅल्शियम आतड्यांतून नीट आत येत नाही. कमतरता असेल तर ते घ्यायलाच हवं. फक्त साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक, तीही ठरावीक आठवडेच, हे घरातल्या एका माणसाने कॅलेंडरवर लिहून ठेवावं. ती चुकून रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं, मूत्रपिंडावर ताण इथपर्यंत जातं. "एकदाच भरपूर द्या" हाही उपाय नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांवर हे करून पाहिलं. वर्षातून एकदा पाच लाख युनिट घेणाऱ्या बायका इतरांपेक्षा जास्त पडल्या, आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. तो निकाल २०१० मध्ये आला.

प्रथिनं हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय, पण ती वगळून हे पूर्ण होत नाही. म्हाताऱ्या स्नायूला तेवढंच बांधायला जास्त प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हे तज्ज्ञांनी धरलेलं प्रमाण आहे, म्हणजे ५५ किलोच्या आईला ५५ ते ६६ ग्रॅम. तिच्या रात्रीच्या वरण-भातात दहाही निघत नव्हते. आता रात्री जाड वरण, वाटीभर दही आणि एक दिवसाआड अंडं किंवा पनीर. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि दूध. यावर आमची थोडी वादावादी झाली, पण ती ऐकते.

तपासणीत हाडं खरोखर ठिसूळ निघाली असतील, म्हणजे डेक्साचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी ताडून काढलेला घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर कॅल्शियम आणि व्यायाम एवढ्यावर थांबू नका. पोखरणाऱ्या टोळीला आवरणारी वेगळी औषधं असतात. आईचं तसं औषध चालू आहे, आणि त्याबद्दलही मनगट मोडण्याआधीच मी विचारायला हवं होतं.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी सांगते. हात छातीशी दुमडून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठा-बसा आणि मोबाइलवर वेळ लावा. सार्कोपेनियावर काम करणाऱ्या आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये १२ सेकंदांची खूण ठरवली. तेवढे किंवा जास्त लागले तर स्नायूंकडे लक्ष द्यायची वेळ झाली आहे. आईला दिवाळीत २१ लागले होते. परवा १३ लागले. डेक्सा पुन्हा करायला डॉक्टरांनी अजून वेळ सांगितला आहे, हाडाला तितके दिवस लागतातच.

पिशवीत आता सात किलो तांदूळ आहेत. गुरुवारी बारावी उचल झाल्यावर तिने ती स्टुलावर ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "हे आता हलकं लागतंय गं." मी डबा उघडून आणखी अर्धा किलो मापून घातला.